इंदूरमध्ये पहिल्यांदा दिवस गेलेत? बाराव्या आठवड्याच्या तपासण्या नीट कशा करून घ्यायच्या

गरोदरपणातली सर्वात महत्त्वाची तपासणी कोणती असे विचारले, तर बहुतेक घरांतून उत्तर येते ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’. बाळाचे सगळे अवयव त्यात दिसतात, म्हणून. पण सातव्या-आठव्या महिन्यात जी संकटे उभी राहतात, म्हणजे रक्तदाब चढणे, बाळाची वाढ खुंटणे, वेळेआधी प्रसूती होणे, त्यांची चाहूल बाराव्या-तेराव्या आठवड्यातच लागू शकते. त्यातल्या रक्तदाबाच्या मोठ्या संकटावरचे औषध, म्हणजे कमी मात्रेची ॲस्पिरिन, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाले तरच पुरते उपयोगी पडते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कितीही उत्तम आली तरी ती वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

म्हणून हे सगळे पहिल्या तीन महिन्यांत कसे बसवायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे. औषध कोणते, किती आणि घ्यायचे की नाही हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण काय विचारायचे आणि रिपोर्टात कुठे बोट ठेवायचे हे तुम्हाला माहीत असले पाहिजे.

पहिले काम: तारीख पक्की करा

आपल्याकडे पाळीची तारीख सणावारावरून लक्षात ठेवतात. ‘रंगपंचमीची गेर निघाली त्याच्या दोन दिवस आधी’ हे आजींना पुरते, डॉक्टरांना पुरत नाही. कॅलेंडर उघडून तारीख लिहा. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस धरायचा, संपली तो नव्हे.

दुसरा घोळ महिन्यांचा. घरात ‘चौथा लागला’ म्हणतात, दवाखान्यात ‘तेरा आठवडे दोन दिवस’ म्हणतात, आणि या दोन हिशेबांत सहज दोन-तीन आठवड्यांची तफावत पडते. एरवी हरकत नाही, पण या तपासणीची खिडकी जेमतेम तीन आठवडे उघडी असते. म्हणून महिने सोडा, दिवस मोजा. पाळीच्या पहिल्या दिवसात ७७ दिवस मिळवले की ११ आठवडे होतात, ९७ मिळवले की १३ आठवडे ६ दिवस. ११२ दिवसांना १६ आठवडे भरतात आणि २८० दिवसांना प्रसूतीची अंदाजे तारीख येते.

समजा पाळी १ मार्चला आली. तर तपासणीची खिडकी १७ मे ते ६ जून, सर्वात सोयीचा आठवडा २४ ते ३० मे, औषध सुरू करण्याची शेवटची मर्यादा २१ जून आणि प्रसूतीची तारीख ६ डिसेंबर. हे चार आकडे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील किंवा अंगावर दूध असतानाच दिवस गेले असतील, तर हा हिशेब चुकतो. अशा वेळी सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, मोजून तारीख काढतात. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पाळीचा हिशेब आणि सीआरएल यांत ७ दिवसांहून जास्त फरक निघाला तर सीआरएलची तारीख खरी धरायची. एकदा ठरली की ती पुढे बदलायची नाही. आठव्या महिन्यात सोनोग्राफीवाले ‘बाळ दोन आठवडे लहान आहे, तारीख पुढे ढकलू’ म्हणाले, तर तारीख चुकलेली नसून बाळाची वाढ कमी पडत असण्याची शक्यता जास्त. तारीख ढकलली की खरा धोका कागदावरून पुसला जातो.

नोंदणी: तीन महिने थांबू नका

तिसरा उलटेपर्यंत कुणाला सांगायचे नाही, ही रीत नातेवाइकांपुरती ठेवा. डॉक्टर आणि आशा कार्यकर्ती त्यात येत नाहीत. पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे झाले आणि घरच्या किटवर दोन रेघा आल्या की सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली भेट घ्या. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत अडकलेला नाही ना, ठोके आहेत का, एक आहे की जुळे, हे तेव्हाच्या सोनोग्राफीत कळते. जुळे असतील तर दोघांची वार (प्लॅसेंटा) एकच की वेगवेगळी, हे चौदाव्या आठवड्याच्या आत लिहून घ्या. नंतर ते ओळखणे अवघड जाते, आणि एकाच वारेवरच्या जुळ्यांची देखरेख पुढे पार वेगळी असते.

रामबाग असो की सुदामानगर, आपल्या वस्तीच्या आशा कार्यकर्तीकडे किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. खासगी डॉक्टरांकडे जाणार असाल तरीही. आधार, समग्र आयडी आणि बँक पासबुक यांच्या प्रती न्या. तिथे मातृ-शिशु सुरक्षा कार्ड मिळते, ज्याला शहरात सगळे जच्चा-बच्चा कार्डच म्हणतात. लसीकरण, सरकारी योजनांचे पैसे, पुढे कधी एम.वाय. किंवा एमटीएच रुग्णालयात जावे लागले तर तिथली कागदपत्रे, सगळे या कार्डावर अडते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टर मोफत तपासतात. ही सोय दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. कार्डावर लाल स्टिकर लागला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की हे गरोदरपण जास्त जोखमीचे आहे आणि तुमच्यावर जास्त लक्ष ठेवायचे आहे.

पहिल्या भेटीतले रक्त आणि लघवी

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली म्हणजे तीव्र. पण सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टात नुसते हिमोग्लोबिन पाहून पान उलटू नका. एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतले हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी नावाची तपासणी करून घ्या. तिच्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक ओळखू येतात. इंदूरच्या सिंधी आणि पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात. झाबुआ, अलीराजपूर, धार या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि विदर्भातही आहे. तेव्हा माहेर नागपूर-चंद्रपूरकडचे असेल तर ‘आपल्यात नसते’ असे धरून चालू नये. बायको वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करा. दोघेही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला पूर्ण आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि बाळाची खात्री करणारी वारेच्या तुकड्याची तपासणी ११ ते १४ आठवड्यांतच होते. नवऱ्याच्या रिपोर्टसाठी तीन आठवडे थांबणे, ही इथली नेहमीची चूक. एक सूचना आणखी: लोहाची कमतरता फार असेल तर एचबीए२ (एचपीएलसीत मोजतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटेच कमी दिसते आणि वाहक निसटू शकतो. काठावरचा आकडा आला तर डॉक्टरांना तसे बोलून दाखवा.

साखरेसाठी आपल्या देशात सरकारी पद्धत सोपी आहे. उपाशी राहावे लागत नाही, सकाळी पोहे खाऊन गेलात तरी चालते. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. १४० किंवा त्याहून जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, अर्ध्या तासानंतर झाली तर पुढे चालू. पाण्यात थोडे लिंबू पिळले की मळमळ कमी होते. मधले दोन तास फेऱ्या मारू नका, बसून राहा. चालण्याने साखर उतरते आणि रिपोर्ट उगाच छान येतो. पहिल्या वेळी १४० च्या आत आले तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायचीच आहे, कारण वारेतली संप्रेरके इन्सुलिनला विरोध करायला तेव्हा जोर धरतात. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.५ च्या वर आधीच असेल, तर तो गरोदरपणाने आणलेला मधुमेह नव्हे. तो आधीपासूनचा आहे, आणि त्याचे उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी (बाळाच्या रक्तगटाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालीत का ते पाहणारी), २८ व्या आठवड्याला अँटी-डीचे ३०० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतर ७२ तासांत पुन्हा एक. मध्येच अंगावरून लाल गेले तरी हा विषय तुम्ही स्वतःहून काढा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि थायरॉइड या तपासण्या सगळीकडे होतात. लघवीची नुसती साधी तपासणी करून थांबू नये, कल्चरही करावे. त्रास काहीच नसताना लघवीत जंतू असू शकतात, आणि त्यांच्यावर औषध दिले नाही तर पुढे मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोचू शकतो.

११ ते १३ आठवडे ६ दिवस: एनटी सोनोग्राफी

ही सोनोग्राफी सीआरएल ४५ ते ८४ मिमी असतानाच ग्राह्य धरतात. केंद्रात ओळखपत्र लागते आणि ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. १९९४ च्या कायद्याप्रमाणे मुलगा-मुलगी सांगणे गुन्हा आहे, विचारणेही. सोबत येणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे घरीच सांगून ठेवा.

बाळाच्या मानेमागे कातडीखाली पाण्याचा पातळ थर असतो, तो मोजायचा. त्या मापालाच एनटी म्हणतात. ही मोजणी मिलिमीटरच्या दहाव्या भागात चालते. बाळ अगदी आडवे, बाजूने दिसले पाहिजे, मान ना ताठ मागे गेलेली ना छातीत खुपसलेली, आणि चित्र इतके मोठे केलेले की पडद्यावर फक्त डोके आणि छातीचा वरचा भाग मावावा. मान मागे गेली तर थर जाड भासतो, पुढे वाकली तर पातळ. बाळ नीट पडले नसेल तर डॉक्टर तुम्हाला चालून यायला किंवा कुशीवर वळायला सांगतील. अर्धा तास जास्त गेला तरी कुरकुर करू नका. पाच मिनिटांत उरकलेल्या एनटीपेक्षा ते बरे. थर ३.५ मिमी किंवा जास्त असेल तर डबल मार्करची (पुढे सांगितलेल्या रक्ततपासणीची) वाट न पाहता थेट जनुकीय सल्ला आणि खात्रीची तपासणी, आणि पुढे बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट मागून घ्यायची: गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी. वारेच्या पेशी पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात. हे काम अर्धवट राहिले तर रक्ताला अडथळा होतो, बाळाला पोषण कमी पोचते आणि आईचा रक्तदाब चढायची भूमिका तयार होते. डॉपलर हा अडथळा पीआय नावाच्या आकड्यात मोजतो. डाव्या आणि उजव्या बाजूची सरासरी साधारण २.३५ च्या वर गेली की ती या वयाच्या गर्भासाठी जास्त समजतात. रिपोर्टात ‘नॉच’ (रक्तप्रवाहाच्या आलेखातली खाच) असे लिहिले असेल तर तेवढ्यावरून झोप उडवून घेऊ नका. इतक्या लवकर तो पुष्कळ निरोगी गरोदरपणांतही दिसतो.

डबल मार्कर: बाटलीत काय जाते आणि फॉर्मवर काय

वारेत तयार होणारे दोन पदार्थ यात मोजतात, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. सरकारी नियमित तपासण्यांच्या यादीत ही नाही, खासगी प्रयोगशाळेतच करावी लागते. उपाशी राहायची गरज नाही. एनटी सोनोग्राफी आधी, रक्त त्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवा.

इंदूरच्या मे महिन्यात एक गोष्ट मुद्दाम पाहा. न विलगलेले रक्त गरमीत राहिले तर त्यातला मूळ एचसीजी फुटून फ्री बीटा वाढतो, आणि डाउन सिंड्रोमचा (२१ वे गुणसूत्र एक जास्त असण्याच्या जन्मजात दोषाचा) धोका खोटाच जास्त निघतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाकडे बर्फाची पिशवी आहे का, ते विचारा. नसेल तर स्वतः केंद्रावर जाऊन द्या.

यंत्र चुकते त्याहून जास्त वेळा फॉर्म चुकतो. तुमची जन्मतारीख, त्याच दिवशी काट्यावर पाहिलेले वजन, सोनोग्राफीची तारीख, सीआरएल, एनटी, एकच बाळ की जुळे, मधुमेह, तंबाखू, टेस्टट्यूब गर्भधारणा असेल तर बीजाच्या वेळचे वय, आणि आधीच्या बाळात काही दोष होता का, एवढे सगळे त्यावर लागते. वजन अंदाजाने लिहिले की गणित कोसळते, कारण जाड शरीरात रक्त जास्त असल्याने पॅप-ए पातळ होतो आणि संगणक वजनाप्रमाणे तो सुधारून घेतो. सीआरएल न लिहिता नुसती पाळीची तारीख लिहिली तरी तेच. फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी उभे राहा आणि प्रत्येक आकडा सोनोग्राफीच्या रिपोर्टाशी जुळवून बघा.

रिपोर्ट: शेवटच्या ओळीवर थांबू नका

समजा असा रिपोर्ट आला: वय २९, वजन ६१ किलो, सीआरएल ६३ मिमी, एनटी १.५ मिमी, फ्री बीटा एचसीजी १.०८ एमओएम, पॅप-ए ०.३१ एमओएम, ट्रायसोमी २१ चा (म्हणजेच डाउन सिंड्रोमचा) धोका १:११००, खाली हिरव्या पट्टीत ‘लो रिस्क’. घरी पेढे वाटले जातात, रिपोर्ट फाइलला लागतो.

ही हिरवी पट्टी फक्त गुणसूत्रांच्या दोषाबद्दल बोलते. १:११०० म्हणजे अशा अकराशे बायकांत एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याचा अंदाज. पण पॅप-एकडे पुन्हा पाहा. एमओएम म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांच्या मधल्या आकड्याच्या किती पट. १ म्हणजे अगदी मधोमध. ०.३१ म्हणजे त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. बाळाची गुणसूत्रे ठीक असताना पॅप-ए ०.४ च्या खाली असेल, तर वार नीट रुजलेली नसण्याची शक्यता असते. पुढे बाळाची वाढ कमी पडणे, रक्तदाब चढणे, वेळेआधी प्रसूती, हे धोके त्याने वाढतात. वाढतात एवढेच, होतातच असे नाही. कमी पॅप-ए असलेल्या बहुतेक बायकांना सुरळीत, पूर्ण दिवसांचे बाळ होते. पण त्यांच्यावर लक्ष मात्र जास्त हवे, आणि ‘लो रिस्क’च्या पट्टीमुळे नेमके तेच राहून जाते. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा: ‘पॅप-ए किती एमओएम आहे, आणि त्यामुळे पुढे काही बदलायचे का?’

आता धोका जास्त आला तर. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० च्या अलीकडे (१:२००, १:८० असे) आले तर ‘हाय रिस्क’ म्हणतात. डाउन सिंड्रोमचा ठरावीक आकार असा की पॅप-ए अर्ध्यावर आणि फ्री बीटा दुप्पट. दोन्ही एकदम खूप कमी असतील तर ट्रायसोमी १८ किंवा १३ ची (१८ वे किंवा १३ वे गुणसूत्र एक जास्त असण्याची) शंका घेतात. ‘हाय रिस्क’ म्हणजे निदान नव्हे, पुढे तपासा एवढाच त्याचा अर्थ. धोका मधला, म्हणजे १:२५० ते १:१००० असेल, तर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रे तपासणे, हा पर्याय आहे. तो दहाव्या आठवड्यापासून होतो आणि डाउन सिंड्रोमची ९९ टक्क्यांहून जास्त प्रकरणे पकडतो. पण तोही चाळणीच. खात्री फक्त वारेचा तुकडा (११ ते १४ आठवडे) किंवा गर्भजल (१५-१६ आठवड्यांपासून) तपासून होते. हा नमुना सुईने काढतात, आणि त्याने गर्भपात होण्याची शक्यता अनुभवी हातात १ टक्क्याहून कमी असते. एनटी वाढलेली असेल किंवा धोका फारच जास्त असेल तर एनआयपीटीत दहा दिवस न घालवता थेट सुईकडे गेलेले बरे. कायद्याने गर्भपाताच्या निर्णयाला २० आणि २४ आठवड्यांचे टप्पे आहेत, त्यानंतर बाळात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. इथे वेळेला किंमत आहे ती त्यामुळे.

रक्तदाब: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाईत उरकलेली तपासणी

प्रिएक्लॅम्प्सिया, म्हणजे २० आठवड्यांनंतर चढणारा रक्तदाब आणि त्याबरोबर मूत्रपिंड, यकृत, मेंदू किंवा वारेवर होणारा परिणाम, याचा अंदाज बाराव्या आठवड्यात चार गोष्टी जोडून काढतात: तुमची पार्श्वभूमी, सरासरी रक्तदाब, डॉपलरचा पीआय आणि रक्तातला पीएलजीएफ (वारेत तयार होणारे एक प्रथिन). चारही एकत्र पाहिल्या तर ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणाऱ्या प्रकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आधी ओळखता येतात. पूर्ण दिवसांच्या आसपास होणारा प्रकार मात्र निम्म्याहून कमी सापडतो. तेव्हा इथे ‘कमी धोका’ आला तरी नवव्या महिन्यातला रक्तदाब पाहणे सुटत नाही.

पीएलजीएफ सगळीकडे होत नाही. रक्तदाब सगळीकडे होतो, पण जिना चढून आलेल्या बाईच्या दंडाला ओढणीवरूनच पट्टा गुंडाळून. योग्य पद्धत अशी. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, एकावर एक न टाकता पाच मिनिटे गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीला, टेबलावर आधार दिलेला. दंडाचा घेर टेपने मोजा: २२ सेंमीच्या खाली लहान पट्टा, २२ ते ३२ नेहमीचा, ३३ ते ४२ मोठा. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला की रक्तदाब खोटा जास्त येतो. दोन्ही हातांवर, एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून चारही आकड्यांची सरासरी काढायची. सरासरी दाब काढायचे सूत्र: खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांच्या फरकाचा तिसरा भाग मिळवा. ११८/७६ असेल तर ७६ अधिक १४, म्हणजे ९०. पहिल्या तिमाहीतला आकडा फाइलवर असला की पुढे १३०/८५ आला तर तो तुमच्यासाठी किती वर आहे ते कळते. नाहीतर सगळेच ‘नॉर्मल’.

ॲस्पिरिन: कुणाला, किती, कधीपर्यंत

आधीच्या खेपेला प्रिएक्लॅम्प्सिया झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असेल, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड दोष असेल, जुळी असतील, तर यातले एकही कारण पुरते. पहिली खेप, वय ३५ च्या वर, बीएमआय ३० च्या वर, आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, टेस्टट्यूब गर्भधारणा, यातली दोन किंवा जास्त असतील तरी डॉक्टर विचार करतात. सासू-आईला इथे नेमके विचारा: ‘तुमच्या वेळी पाय सुजून, दाब चढून लवकर बाळंत व्हावे लागले का?’ हा इतिहास घरात सगळ्यांना माहीत असतो, फाइलवर कुणी लिहिलेला नसतो. एकट्या कमी पॅप-एवर ॲस्पिरिन द्यावे की नाही, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. बहुतेक जण बाकीच्या गोष्टी जोडून पाहतात.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन दिले. ३७ आठवड्यांआधीचा प्रिएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. आपल्या बाजारात ७५ आणि १५० मिग्रॅ दोन्ही गोळ्या मिळतात, त्यामुळे औषधवाल्याने दिलेल्या पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. डोकेदुखीची जास्त मात्रेची ॲस्पिरिन गोळी ही नव्हे. पोटात अल्सर, रक्तस्रावाचा आजार, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा त्याने उठणारा दमा असेल तर आधी सांगा. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्या, म्हणजे विसर पडत नाही. सणासुदीला पाहुण्यांत चार-चार दिवस राहून गेली तर उपयोग उतरतो. आणि शेजारणीने ‘रक्त पातळ होते, बंद कर’ म्हटले म्हणून बंद करू नका.

कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. लोहाची गोळी त्याच्याबरोबर घ्यायची नाही, निदान दोन तासांचे अंतर ठेवा. चहाच्या घोटाबरोबर तर मुळीच नाही.

इथून पुढचे टप्पे

१८ ते २० आठवड्यांत अवयवांची सोनोग्राफी, आणि त्याच वेळी योनिमार्गातून गर्भाशयमुखाची लांबी. २५ मिमीच्या आत असेल तर ते वेळेआधी उघडण्याचा धोका असतो, आणि डॉक्टर रात्री योनिमार्गात ठेवायचे प्रोजेस्टेरॉन देऊ शकतात. आधी वेळेपूर्वी प्रसूती झाली असेल तर ही मोजणी १६ व्या आठवड्यापासूनच सुरू करतात. पोटावरून घेतलेले माप यासाठी भरवशाचे नसते.

पॅप-ए कमी किंवा डॉपलर बिघडलेला असेल तर वाढीची सोनोग्राफी साधारण २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना मागून घ्या. एका सोनोग्राफीतल्या वजनापेक्षा दोन सोनोग्राफींमधला फरक जास्त बोलतो, त्यामुळे शक्यतो एकाच केंद्रात जा. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आठवड्यातून दोनदा, वर सांगितल्याप्रमाणे मोजून तारखेसह लिहा. १४०/९० किंवा वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० ला मात्र फोनवर थांबू नका, रुग्णालयात जा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ, तोंड-हात एकदम सुजणे, बाळाची हालचाल कमी होणे, रक्त किंवा पाणी जाणे, यातले काहीही झाले तरी तसेच. १०८ वर फोन केल्यावर जननी एक्सप्रेसची गाडी येते. पोटातल्या कळीला ॲसिडिटी समजून रात्रभर जेलुसिलवर काढणे महागात पडते.

पहिले बाळंतपण माहेरी करायचे असेल आणि माहेर पुण्या-नागपूरला असेल, तर डोहाळजेवणाच्या साड्यांआधी फाइल भरा. तिच्यात बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी, डबल मार्करचे पूर्ण पान (नुसती शेवटची ओळ नव्हे), रक्तगट, एचपीएलसी, साखरेचे दोन्ही रिपोर्ट आणि रक्तदाबाची वही हवी. तिथल्या डॉक्टरांशी पहिली भेट ३२ व्या आठवड्याच्या आत ठेवा, म्हणजे वाढीची पुढची सोनोग्राफी चुकत नाही.

आणि प्रसूतीनंतर ही फाइल रद्दीत देऊ नका. गरोदरपणात साखर वाढली असेल तर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, यावेळी उपाशीपोटी. रक्तदाब चढला असेल तर पुढच्या खेपेला ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून सुरू करण्याचे तेच कारण ठरते, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना मागच्या वेळी दाब कितव्या आठवड्यात चढला हे या कागदावरूनच कळते.